गॅलरीचा कठडा हलतोय: साडेआठ हजारांचं काम की बासष्ट हजारांचं?

बेळगावातल्या शहापूरच्या एका ताईंनी विचारलंय. घर तीसेक वर्षांचं, वरच्या मजल्यावर भाडेकरू, त्यांचं दीड वर्षाचं पोर नुकतंच चालायला लागलंय. रस्त्याकडच्या गॅलरीला २२ फूट लांबीचा लोखंडी कठडा आहे आणि त्याचे तीन पाय हाताने हलतात. एका वेल्डरने ८,५०० रुपये सांगितले, दुसऱ्या दुकानदाराने ६२,०००. कठडा एकच, मग भावात एवढी तफावत कशी, आणि खरा खर्च किती धरायचा?

ताई, कठडा दोघांनी एकच बघितला, पण भाव वेगवेगळ्या कामांचे सांगितले. साडेआठ हजारवाला हलणाऱ्या पायांना वेल्डिंगचे टाके मारणार, बुडाशी सिमेंट थापणार आणि वरून ऑइल पेंट फासणार. बासष्ट हजारवाला जुनं सगळं उचलून स्टेनलेस आणि काच लावणार. पहिल्यात दुखणं आहे तिथंच राहतं. दुसऱ्यात ते जाईल की नाही, हे काच बघून सांगता येत नाही. तुम्हाला लागतंय ते काम या दोघांच्या मधलं आहे. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, माझी लोखंडकामाची शेड आहे; तिथल्या हिशेबाने ते सध्या २२ ते २८ हजारांत बसतं. हिशेब पुढे मांडतो.

त्याआधी आज संध्याकाळी करायचं काम. गॅलरीचं दार बंद करा. नुसती कडी नको, कुलूप लावा आणि चावी खाली तुमच्याकडे ठेवा. दाराला कुलूप बसत नसेल तर चौकटीला आतून दोन फळ्या आडव्या ठोका. कपडे वाळत घालायची दोरी कठड्याला बांधली असेल तर ती आधी सोडा. ओली चादर टाकताना माणूस नेमका तिथंच ओणवा होतो आणि सगळा भार कठड्यावर देतो. कुंड्या उचला. खाली स्कूटर लावत असाल तर जागा बदला. हलणारा पाय शेजारच्या पायाला तारेने आवळायचा उद्योग मात्र करू नका. शेजारचा पायही त्याच मेस्त्रीने, त्याच दिवशी, तसाच पुरलेला असतो.

आता दुखणं कुठं आहे ते बघू. आपल्याकडे त्या काळात कठडा बसवायची एकच पद्धत होती. स्लॅबला किंवा वरच्या कट्ट्याला तीन-चार इंच खड्डा पाडायचा, त्यात पाय उभा करायचा आणि सिमेंट भरायचं. लोखंड आणि सिमेंट यांच्यात केसाएवढी फट राहतेच. पावसाचं पाणी त्या फटीत उतरतं आणि तिथंच बसून राहतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, त्यामुळे तो आजूबाजूचं सिमेंट फोडतो. फट रुंदावते, पाणी वाढतं. पाय पोकळ नळीचा असेल तर आणखी वाईट. वरच्या जोडातून पाणी आत शिरतं, बुडाशी साचतं आणि नळी आतून खाल्ली जाते. बाहेरून दर दिवाळीला रंग लागतो, लखलखीत दिसतं, आणि आत नळीचा पापड झालेला असतो. जांबोटी-कणकुंबीच्या धो-धो पावसात हे फार लवकर होतं, बेळगाव शहरात जरा सावकाश, अथणी-रायबागच्या कोरड्या भागात त्याहून सावकाश. पण होतं सगळीकडे.

तपासणी तुम्ही स्वतः करू शकता, मात्र कठड्यावर वजन टाकून नाही. एक हात दाराच्या चौकटीला धरा, दुसऱ्या हाताने पाय अलगद हलवा आणि नजर खाली ठेवा. पाय बुडापासून हलतोय की वरचा आडवा पट्टा जोडात सुटलाय, ते लगेच कळतं. मग जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन जमिनीला लागून असलेल्या पहिल्या दोन इंचांत टोचा. रंगाच्या खाली पोपडे सुटले किंवा टोक आत गेलं, तर तो पाय संपला. त्याला वेल्डिंग धरत नाही. रॉड लावला की पातळ पत्र्याला भोक पडतं आणि वेल्डर ते भोक भरत बसतो. बाहेरून जाड टाका दिसतो, पण आत धरायला काहीच नसतं. साडेआठ हजारांचं काम म्हणजे बहुतेक हेच.

यानंतर खाली रस्त्यावर या आणि गॅलरीच्या स्लॅबचा तळ आणि कड बघा. ही तपासणी कुठलाच वेल्डर करत नाही, कारण ते त्याचं काम नाही. तपकिरी डाग, सुटलेलं प्लास्टर, उघडी पडलेली सळी दिसते का? वर जाऊन, दारातूनच, गॅलरी भिंतीला मिळते तिथं फरशीत भिंतीला समांतर लांब भेग आहे का? ही भेग दिसली तर कठड्याचा विषय तिथंच थांबवा. गॅलरीचा स्लॅब बाहेर लोंबता असतो, त्याला तोलणारी सळी वरच्या अंगाला असते. स्लॅब भरताना कामगार त्या सळ्यांवर उभे राहतात, सळ्या दबून खाली जातात, आणि पुढे तीस वर्षांनी वरून भेग पडते. अशा स्लॅबवर सोन्याचा कठडा बसवला तरी काय उपयोग? आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याच्या एका भेटीची फी जाईल, पण कठड्याचे पंचवीस हजार वाया जाणार नाहीत. भेग नसेल, हातोडीने ठोकल्यावर सगळीकडे टणक आवाज येत असेल, फक्त कडेला थोडं पोकळ वाजत असेल, तर तेवढा भाग दुरुस्त करून पुढे जाता येतं.

खर्चाचा मुद्दा नळीत नाही, पायाच्या बुडात आहे, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. ते का, हे आकड्यांत दाखवतो. भारतीय मानकात, आयएस ८७५ मध्ये, घरगुती गॅलरीच्या कठड्याने मीटरला साधारण ३५ किलो आडवा रेटा सोसावा असं धरलंय, आणि लोकांची ये-जा असते तिथं ७५ किलो. तुमचे पाय पावणेचार फुटांवर असतील तर एका पायाच्या वाट्याला ४० किलोच्या आसपास रेटा येतो. ४० किलो म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण तो रेटा साडेतीन फुटांवरून येतो आणि नवीन पाय आम्ही पुरत नाही, त्यामुळे खाली त्याला अडवायला बुडाला जोडलेली, चार बोल्टांनी स्लॅबला आवळलेली चार इंचांची प्लेट असते. म्हणजे घराच्या बाजूच्या दोन बोल्टांवर मिळून पाचशे किलोच्या वर ओढ येते. ७५ किलोचा हिशेब धरला तर हजाराच्या पुढे. वर कितीही भारी नळी लावा, हे दोन बोल्ट नीट बसले नसतील तर सगळं शोभेचं.

आणि ७५ चा हिशेब मी शहापूर, खडेबाजार, रामदेव गल्ली या भागांत मुद्दाम धरतो. इथल्या गॅलऱ्या वर्षातले बरेच दिवस रिकाम्या असतात, पण शिवजयंतीचे चित्ररथ निघाले किंवा गणपती विसर्जनाची मिरवणूक आली की पाहुण्यांसकट पंधरा माणसं तिथं उभी, सगळी रस्त्याकडे झुकलेली, आणि मागची पुढच्यांना रेटतायत. कठडा त्या रात्रीसाठी बनवायचा असतो.

उंचीचंही बघून घ्या. राष्ट्रीय इमारत संहितेत कठड्याची उंची तयार फरशीपासून १ मीटरच्या खाली नको असं आहे, म्हणजे सव्वातीन फूट. जुने कठडे अडीच फुटांचे सर्रास दिसतात. त्यात कुणी जुन्या फरशीवर नवीन टाइल्स घातल्या की आणखी दोन इंच गेले. मी साडेतीन फूट करतो. पट्ट्या उभ्याच ठेवा, दोन पट्ट्यांमधली फट चार इंचांच्या आत. आडव्या पाइपांची फॅशन आलीय, दिसायला छान आहे, पण दीड वर्षाच्या पोराला ती शिडी आहे. तसंच खाली फूटभर उंचीचा कट्टा असेल आणि मूल त्यावर चढू शकत असेल, तर उंची कट्ट्यापासून मोजा, फरशीपासून नाही.

आता तुमच्या २२ फुटांचा हिशेब. ७ पाय, ४० बाय ४० मिमीची ३ मिमी जाड चौकोनी नळी. वरचा हात, म्हणजे धरायचा आडवा पाइप, ५० बाय २५ ची नळी, खालची पट्टी २५ बाय २५ ची, दोन्ही २ मिमी. मधे १२ मिमीच्या चौकोनी सळ्या, साधारण ५४. पायाखाली १०० बाय १०० च्या ८ मिमी प्लेटा. सगळं मिळून १०७ किलोच्या आसपास माल बसतो. तयार करून बसवायचा भाव आमच्याकडे सध्या किलोला ११५ ते १३० रुपये, म्हणजे १२,३०० ते १३,९००. केमिकल अँकर (भोकात भरून बोल्ट चिकटवायचं रसायन) आणि २८ बोल्ट यांचे अडीच ते तीन हजार. जुने पाय कापणं, खड्डे साफ करणं, स्लॅबची कड आणि फरशी नीट करणं, हे गवंड्याचं काम चार ते सहा हजार. प्राइमर आणि रंग दोन ते तीन हजार. जुना कठडा उतरवणं आणि टेम्पो दीड ते दोन हजार. बेरीज करा, २२ ते २८ हजारांत येते. बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी वर. जुना कठडा भंगारात दोनेक हजार देतो, ते पैसे तुमचे आहेत. बरेच जण हे बोलतच नाहीत आणि लोखंड टेम्पोतून गुपचूप जातं. लोखंडाचा भाव महिन्याला हलतो, त्यामुळे हे आकडे दगडावरची रेघ समजू नका. किलोचा दर विचारा आणि वजन काट्यावर करून घ्या, म्हणजे फसगत होत नाही. काट्याची पावती मागितली की समोरचा आपोआप सरळ चालतो.

सगळंच बदलायला हवं का? नाही. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघितल्यावर फक्त बुडं गेलेली असतील आणि वरच्या सळ्या, हात, उंची सगळं ठीक असेल, तर पाय जमिनीच्या वर सहा इंचांवर कापायचे, आत बसेल अशी जाड नळी सरकवून वेल्ड करायची आणि खाली नवीन प्लेट द्यायची. एका पायाला सातशे ते बाराशे रुपये. सातही पाय करा, फक्त हलणारे तीन नको. गवंडी आणि रंग धरून हे काम बारा ते सोळा हजारांत होतं. तुमचा कठडा अडीच फुटांचा निघाला तर मात्र नवीनच करा. जुन्या अशक्त हातावर वरून आणखी एक पाइप चढवला की उंची वाढते, पण पायावरची ओढही त्याच मापाने वाढते.

बोल्ट बसवताना तुम्ही किंवा घरातलं कुणीतरी समोर उभं राहा. दोन-तीन गोष्टी बघायच्या आहेत. पहिली, भोक कुठं पाडतायत. स्लॅबच्या कडेपासून निदान तीन इंच आत पाहिजे. आवळल्यावर भोकात फुगणारा रॉल बोल्ट कडेजवळ मारला की काँक्रीटचा कोपरा उडतो, म्हणून गॅलरीत मी केमिकल अँकर वापरतो, तो फुगत नाही. दुसरी, ड्रिलचा आवाज. पांढरी भुकटी येत असताना अचानक बिट किंचाळलं आणि काळा चुरा यायला लागला, तर सळी लागली. तिथं थांबायचं आणि प्लेट बाजूला सरकवायची. ती वरची सळीच गॅलरी तोलून धरते, ती कापू देऊ नका. आणि तिसरी, जी सगळे टाळतात: भोकातली भुकटी. पंपाने फुंकायची, ब्रशने घासायची, परत फुंकायची. भुकटी राहिली तर केमिकल भुकटीला चिकटतं, काँक्रीटला नाही, आणि बोल्ट दोन वर्षांनी हातात येतो. एका भोकाला मिनिटभर जास्त लागतं. मी उभा असलो तरी माझीही पोरं हे मिनिट वाचवायला बघतात. केमिकल भरल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत नट आवळायचा नाही.

विटेच्या किंवा जांभ्याच्या पॅरापेटवर, म्हणजे कडेच्या बुटक्या भिंतीवर, कठडा असेल, खानापूरकडे बऱ्याच घरांना तसाच असतो, तर वरच्या थराला बोल्ट मारून काही होत नाही. जांभा भुसभुशीत, बोल्ट फिरत राहतो. तिथं पाय पॅरापेटच्या आतल्या बाजूने खाली स्लॅबपर्यंत न्यायचा किंवा वर सळ्या टाकून काँक्रीटचा पट्टा भरून त्यात प्लेट गाडायची. पट्टा भरला तर खर्चात सहा-आठ हजारांची भर धरा.

स्टेनलेसबद्दल. ६२ हजारांत २२ फूट म्हणजे फुटाला २,८०० च्या आसपास. ३०४ ग्रेड (गंजाला चांगला टिकणारा स्टेनलेस) आणि चांगली काच असेल तर हा भाव लुटीचा नाही. पण ग्रेड तपासा. लोहचुंबक लावून दाखवतात, 'बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४'. साफ खोटं. २०२ या स्वस्त ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. दुकानात तपासायचं द्रावण मिळतं, बॅटरी लावून थेंब टाकला की लाल पडतो तो २०० सिरीजचा माल. २०२ आपल्या पावसात दोन-तीन वर्षांत चहाच्या डागासारखा तांबूस होतो आणि भाव मात्र ३०४ चा लावलेला असतो. काच घेतलीच तर लॅमिनेटेड टफन्ड घ्या. साधी टफन्ड फुटली की बारीक चुरा होऊन खाली सांडते आणि गॅलरीला कठडाच उरत नाही. लॅमिनेटेड फुटली तरी जागेवर लटकून राहते. माझं मत विचाराल तर भाडेकरूच्या गॅलरीला काच कशाला? तेवढ्या पैशांत जिन्याचा कठडाही होतो.

खानापूर तालुक्यात, आणि शहरातही रंगाची कटकट नको असेल तर, जीआय (जस्ताचा थर दिलेली) नळी घ्या. वेल्डिंग केलं की जोडावरचा जस्ताचा थर जळतो, तिथं झिंकचा पेंट दोन हात लावायलाच हवा. वेल्डरला हे वेल्डिंग उघड्यावर करू द्या, बंद खोलीत जस्ताच्या धुराने रात्री ताप भरतो. साध्या लोखंडाला नुसता लाल ऑक्साइड पुरत नाही. एपॉक्सी प्राइमर लावा, आणि तो कठडा उभा करण्याआधी शेडमध्येच, सगळ्या बाजूंनी. उभा केल्यावर प्लेटच्या खाली ब्रश जात नाही. नळीच्या बुडाला बाहेरच्या बाजूने पेन्सिलीएवढं भोक ठेवायला सांगा, आत गेलेलं पाणी निघून जातं. हे सांगितलं नाही तर नीटनेटकं काम दाखवायच्या नादात वेल्डर ते बंद करून टाकतो.

निपाणीच्या एकदोघांनी जुन्या वाड्यातल्या नक्षीच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कठड्याचं विचारलं होतं, त्यांनाही इथंच सांगतो. बीड साध्या रॉडने वेल्ड करू देऊ नका. टाका धरल्यासारखा दिसतो आणि थंड होताना बाजूलाच तडकतो. निकेलचा रॉड, आधी सावकाश तापवणं, नंतर सावकाश थंड होऊ देणं, आणि या कामाचा हात असलेला माणूस लागतो. तुटलेल्या तुकड्यांची संख्या कमी असेल तर शाबूत तुकड्यावरून साचा करून उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नवीन ओतून घ्या. चार-सहा नगांसाठी मोठी फाउंड्री तुम्हाला दारात उभी करत नाही, छोट्या शेडमध्ये विचारा. आणि बिडाच्या नक्षीवर माणसाचा भार सोडू नका. मागून लोखंडी पट्टी आणि पाय द्या, नक्षी पुढे नुसती मिरवू दे.

वेळ कधीची धरायची? दिवाळीनंतर ते गुढीपाडव्यापर्यंत उत्तम. मृग लागला की ओल्या लोखंडावर प्राइमर धरत नाही आणि गवंड्याचं कामही नीट वाळत नाही. सध्या पाऊस चालू असेल तर जुना कठडा काढून घ्या, दार फळ्या ठोकून बंद ठेवा, माल शेडमध्ये करून रंगवून ठेवायला सांगा आणि चार दिवस उघडीप मिळाली की बसवा. पाय हलताहेत तोवर गॅलरी वापरत राहून ऑक्टोबरची वाट बघणं मात्र नको.

भाव लेखी घ्या. त्यात नळीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहायला सांगा. '१६ गेज' बोलून १८ चा माल लावणं फार सोपं आहे, दीड मिमीच्या जागी सव्वा आला तर डोळ्यांना कळत नाही. प्लेटची जाडी, बोल्टचं माप, गवंडी कुणाचा, परांची कुणाची, भंगार कुणाचं, हे सगळं कागदावर. उचल तिसऱ्या हिश्श्यापर्यंत द्या. माल दारात आल्यावर दुसरा हिस्सा. राहिलेले पैसे कठडा बसवून दोन दिवस झाल्यावर, दोन दांडगी माणसं आतल्या बाजूने प्रत्येक पायाजवळ वरच्या हाताला जोरात रेटून बघितल्यावर. रेटताना कमरेला दोर बांधून तो आत खांबाला अडकवा. प्लेटपाशी टिचकीएवढी हालचाल दिसली तरी तो पाय परत करून घ्या. आणि भाडेकरूकडून यातला रुपया मागू नका, कठडा हा घराचा भाग आहे, घर तुमचं आहे. त्यांना एवढंच सांगा की काम होईपर्यंत कपडे मागच्या बाजूला वाळत घाला.